शत्रूच्या कैदेत गेलेल्या वैमानिकाची कारकीर्द संपते का? ग्रुप कॅप्टन परुळकरांच्या निमित्तानं

प्रश्न एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, तयारी करणाऱ्या एका मुलानं विचारला आहे. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानच्या कैदेत पडलेले आणि तिथून पळालेले ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर यांच्याबद्दल वाचून त्याला तीन शंका आल्या. कैदेतून परत आलेल्या वैमानिकाला पुढे विमान देतात का, की कारकुनी टेबलावर बसवतात? त्याच्याकडे संशयानं पाहिलं जातं का? आणि युद्ध संपल्यावर, सुटका होणारच असताना, तुरुंग फोडायची गरज काय होती? आईचा विरोध आहे, म्हणून उत्तर खरंखुरं हवं, असंही त्यानं लिहिलं आहे.

मी हवाई दलात उड्डाण-प्रशिक्षक होतो, त्यामुळे हे विषय वर्गात अनेकदा निघाले आहेत. थोडक्यात उत्तर असं: कारकीर्द संपत नाही. बढतीही मिळते आणि शरीरानं साथ दिली तर विमानही मिळतं. कैदेचे दिवस सेवेतच धरले जातात, त्या काळाचा पगार आणि ज्येष्ठता जात नाही. पण एवढ्यावर थांबलो तर परुळकरांवर अन्याय होईल. त्यांची गोष्ट बहुतेक वेळा साहसकथा म्हणून सांगितली जाते: भिंत फोडली, पळाले, पकडले गेले. मला त्यात एक अधिकारी आपली नोकरी करताना दिसतो. विमान गेलं, हत्यार गेलं, तरी काम चालूच होतं.

परुळकर मार्च १९६३ मध्ये हवाई दलात दाखल झाले. अडीच वर्षांत १९६५ चं युद्ध आलं. ते हंटर हे लढाऊ विमान उडवत होते. जमिनीवरून झालेल्या माऱ्यात विमानाला गोळ्या लागल्या आणि एक त्यांच्या उजव्या खांद्याला लागली. सोबत उडणाऱ्या विमानांच्या लीडरनं त्यांना इजेक्ट व्हायला, म्हणजे आसनासह विमानाबाहेर झेपावून पॅराशूटनं उतरायला, सांगितलं. त्यांनी ते केलं नाही, जखमी हातानं विमान तळावर आणून उतरवलं. लढाऊ विमानाची कंट्रोल स्टिक उजव्या हातात असते, हे लक्षात घेतलंस की या प्रसंगाचं वजन कळेल. त्यासाठी त्यांना वायुसेना पदक मिळालं. म्हणजे १९७१ मध्ये जो माणूस पकडला गेला, तो आधीच एका युद्धातून पारखून निघालेला होता. आपण कधी शत्रूच्या हाती लागलो तर निसटण्याचा प्रयत्न करणारच, असं ते १९७१ च्या बरंच आधी आपल्या वरिष्ठांना बोलून गेले होते. हे बोलणं हवेत विरलं नाही.

१० डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानातल्या झफरवालच्या परिसरात त्यांचं सुखोई-७ पडलं. हे विमान दणकट, पण त्याचं काम धोक्याचं होतं. रणगाडे, पूल, रेल्वे यांच्यावर खाली येऊन मारा करायचा, म्हणजे जमिनीवरची प्रत्येक तोफ आपल्याकडे तोंड करून असते. त्या युद्धात पश्चिम आघाडीवर सुखोई-७ च्या स्क्वाड्रनना जबर किंमत मोजावी लागली. परुळकर पॅराशूटनं उतरले, आधी गावकऱ्यांच्या हाती सापडले, मार खाल्ला, मग पाकिस्तानी लष्कराच्या ताब्यात गेले. इजेक्ट झालेल्या वैमानिकासाठी जमिनीवरचा पहिला तास सर्वात वाईट असतो. ज्यांच्या गावावर नुकते बॉम्ब पडलेत ती माणसं समोर असतात. त्या क्षणी गणवेशातला शत्रूचा सैनिक आला तर तो जीव वाचवणारा ठरतो.

पुढे रावळपिंडीत पाकिस्तानी हवाई दलाच्या आवारात बारा भारतीय वैमानिक एकत्र आले. सुरुवातीला प्रत्येकाला एकट्याला कोंडलेलं होतं, चौकशा चालू होत्या. नाताळच्या दिवशी ते पहिल्यांदा एकमेकांना भेटले. विंग कमांडर कोएल्हो सर्वात ज्येष्ठ. बाकीच्यांत जफा, कामत, भार्गव, चाटी, ग्रेवाल, हरीश सिंहजी असे होते. कामतांचे दोन्ही पाय मोडलेले होते. भार्गव सिंधच्या वाळवंटात पडले होते आणि पाकिस्तानी वैमानिक असल्याची बतावणी करत बराच काळ निभावून नेलं होतं. शेवटी कलमा, म्हणजे इस्लामवरच्या श्रद्धेचं वचन, म्हणून दाखव म्हटल्यावर ते सापडले. कैदेतही सैन्याची उतरंड मोडत नाही, ही गोष्ट नागरी वाचकांच्या लक्षात येत नाही. तिथला सर्वात ज्येष्ठ अधिकारी हा त्या गटाचा प्रमुखच असतो. पलायनासारखी गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय करायची नसते, कारण परिणाम मागे राहणाऱ्यांनाही भोगावे लागतात.

आता तुझी तिसरी शंका, कारण ती सर्वात खोल आहे. २ जुलै १९७२ ला सिमला करार झाला होता. मग ऑगस्टमध्ये भिंत फोडायची कशाला? कैद्यांच्या शिबिरातही सगळ्यांचं यावर एकमत नव्हतं, आणि विरोध करणारे भित्रे होते असं कुणी समजू नये. जखमी साथीदार होते, उरलेल्यांवर सूड निघण्याची भीती होती. पण दुसरी बाजू अशी, की करारानं युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवला नव्हता. पूर्वेकडे शरण आलेले नव्वद हजारांवर पाकिस्तानी भारताच्या ताब्यात होते, त्यांचा प्रश्न बांगलादेशच्या मान्यतेत अडकला होता आणि कधी सुटेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. युद्धकैद्यांबद्दलचा आंतरराष्ट्रीय जिनिव्हा करार म्हणतो की प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब परत पाठवावं. तो विलंब तर रोज होत होता. बसून वाट पाहणं हा एक निर्णय होता, निघणं हा दुसरा. परुळकरांनी दुसरा घेतला, आणि ज्येष्ठांच्या संमतीनं घेतला.

त्यांनी तयारी कशी केली, हे मी प्रशिक्षणार्थींना पुन्हा पुन्हा सांगत असे. उड्डाणाआधी आपण काय ठरवतो? मार्ग, अंतर, हवामान, इंधन, वेळ, आणि बिघडलं तर काय. तंतोतंत तेच तिथं होतं.

मार्ग घे. नकाशावर रावळपिंडीपासून जवळची आपली बाजू पूर्वेला, काश्मीरकडे. पण १९७२ च्या उन्हाळ्यात दोन्ही सैन्यं अजून समोरासमोर खंदकात होती, माघार त्या वर्षाच्या डिसेंबरात पूर्ण झाली. तिथून रात्री ओलांडणाऱ्याला दोन्हीकडून गोळी लागली असती. म्हणून पश्चिमेकडचा पर्याय निवडला: ग्रँड ट्रंक रोडनं पेशावर, तिथून खैबर खिंड, आणि तोरखमच्या सीमानाक्यावर अफगाणिस्तान. अंतर जास्त, पण रस्ता सार्वजनिक, बस चालू, आणि पलीकडचा देश तटस्थ.

साधनं घे. जी-सूट नावाचा घट्ट पोशाख लढाऊ वैमानिक घालतात. त्यात हवेच्या पिशव्या असतात, वळणाच्या जोरात रक्त पायांकडे उतरू नये म्हणून त्या फुगून पाय आणि पोट दाबतात. त्याच पिशव्यांच्या पाण्याच्या पखाली केल्या. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र बनवलं. सुका मेवा आणि आटवलेल्या दुधाचे डबे बाजूला काढले. करारानुसार कैदी अधिकाऱ्याला दरमहा जी थोडी रक्कम मिळते, ती खर्च न करता जमवली. पठाणी कपडे मिळवले. आणि कोठडीच्या मागच्या भिंतीतल्या विटा, काट्याचमच्यासारख्या किरकोळ हत्यारांनी, रात्रीमागून रात्री सैल केल्या. दिवसा त्या जागच्या जागी बसवायच्या, माती लपवायची. बाहेरच्या बाजूचा गिलावा मुद्दाम शेवटपर्यंत ठेवला, कारण तो फुटला की भोक बाहेरून दिसणार.

वेळ घे. १३ ऑगस्टची रात्र. पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन तोंडावर आलेला, म्हणजे सुट्टीचा माहोल, ढिली नजर, सकाळी उशिरा हजेरी. त्यात त्या रात्री वादळ आलं. धूळ, मग पाऊस, आणि पहारेकरी तोंडावर पांघरूण घेऊन बसलेला. परुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी त्या भोकातून सरपटत बाहेर पडले, आवाराची भिंत ओलांडली आणि रस्त्यावरच्या माणसांत मिसळले. मागे राहिलेल्यांनी त्यांची गैरहजेरी जमेल तितका वेळ झाकली. या मागे राहिलेल्यांचं श्रेय नेहमी सांगायचं राहून जातं. शिक्षा होणार हे माहीत असून त्यांनी ते केलं.

हे सगळं कायद्याच्या चौकटीत होतं, आणि तुला एनडीएच्या मुलाखतीत नाही तरी पुढे कधीतरी हे लागेल. १९४९ चा तिसरा जिनिव्हा करार पलायनाला गुन्हा मानत नाही. कलम ९२ नुसार प्रयत्न फसला तर फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते, आणि कलम ९० नुसार ती एका वेळी ३० दिवसांहून जास्त नाही. कलम ९३ आणखी पुढे जातं: निव्वळ पळण्यासाठी, कुणाला शारीरिक इजा न करता जे केलं, म्हणजे भिंत फोडणं, साधे कपडे घालणं, खोटे कागद वापरणं, त्यालाही शिस्तभंगापलीकडची शिक्षा नाही. उलट पळताना पहारेकऱ्यावर हात उचलला, तर हे संरक्षण तिथंच संपतं. परुळकरांच्या योजनेत कुणालाही मारहाण नव्हती. आणि कलम ९१ नुसार कैदी शत्रूच्या ताब्यातल्या प्रदेशाबाहेर पडला की पलायन यशस्वी मानलं जातं. म्हणजे तोरखमची कमान ओलांडली असती तर मोहीम फत्ते होती.

पेशावरची बस मिळाली. पुढे टांगा, जमरूद, पुन्हा बस, आणि सकाळीच ते खैबर खिंडीतल्या लंडी कोतलला पोचले. तिथून सीमा सुमारे ६-७ किलोमीटर. त्यांनी लंडी खानाचा रस्ता विचारला, कारण नकाशात खैबर रेल्वेचं ते सीमेजवळचं स्टेशन होतं. घात तिथं झाला. ती रेल्वे लंडी खानापर्यंत १९२६ मध्ये नेली होती खरी, पण तो तुकडा १९३२ मध्येच बंद पडला होता. चाळीस वर्षांत तिथं जायला गाडी विचारणारा परका माणूस कुणी पाहिला नव्हता. त्यातून त्या महिन्यांत आणखी एक गोष्ट घडत होती. पाकिस्तानात अडकून पडलेले बंगाली याच वाटेनं अफगाणिस्तानमार्गे निसटत होते. तहसील कचेरीतल्या माणसाला वाटलं, हे तिघे त्यांतलेच. त्याला भारतीय वैमानिकांचा संशयही नव्हता. मला यात त्या तिघांची चूक दिसत नाही. कैदेत मिळालेल्या जुन्या नकाशावर त्यांनी जितकं बरोबर काम करता येतं तितकं केलं होतं.

तहसीलदारापुढे त्यांनी आपण पाकिस्तानी हवाई दलाचे ख्रिस्ती कर्मचारी आहोत, सुट्टीवर आलो आहोत, असं सांगितलं. ख्रिस्ती म्हटलं की नमाज किंवा कलम्याची परीक्षा टळते. ते टिकेना. खैबरच्या टोळी-प्रदेशात संशयित माणसाला गोळी घालणं अवघड नव्हतं. अशा वेळी परुळकरांनी जे केलं त्याला मी त्यांच्या कारकिर्दीतला सर्वात थंड डोक्याचा निर्णय म्हणतो. त्यांनी पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या एडीसीला, म्हणजे खास साहाय्यक अधिकाऱ्याला, फोन लावायला सांगितला. तो अधिकारी, स्क्वाड्रन लीडर उस्मान, पूर्वी याच शिबिराचा प्रमुख होता आणि कैद्यांशी सभ्यपणे वागला होता. फोनवर कळल्याबरोबर त्यानं ही आपली माणसं आहेत, त्यांना सांभाळून ठेवा, अशी तंबी दिली. जीव वाचले. समोरच्या गणवेशातला कोणता माणूस शब्द पाळेल हे कैदेच्या आठ महिन्यांत ओळखून ठेवणं, हीसुद्धा टेहळणीच.

पुढे तिघांना एकांतवास भोगावा लागला आणि सगळ्या वैमानिकांना लायलपूरच्या, म्हणजे आजच्या फैसलाबादच्या, तुरुंगात हलवलं. १ डिसेंबर १९७२ ला ते वाघ्यावरून परत आले.

आता संशयाची गोष्ट. परतलेल्या प्रत्येकाची चौकशी होते, आणि व्हायलाच हवी. तिला डीब्रीफिंग म्हणतात. काय विचारलं, काय सांगितलं, कुणाला पाहिलं, कोण कुठे दिसलं. शत्रूच्या चौकशीच्या पद्धती कळण्याचा हा एकमेव खात्रीचा मार्ग असतो, आणि बेपत्ता साथीदारांचा माग लागण्याचाही. बाहेरून ती उलटतपासणी वाटते, आत बसलेल्याला ती कधी टोचतेही. पण एकदा ती संपली की फाइल बंद होते. परुळकरांच्या बाबतीत हवाई दलानं काय केलं ते पाहा. कैदेतून पलायनाचं नेतृत्व केल्याबद्दलच त्यांना विशिष्ट सेवा पदक दिलं. जे पलायन सीमेआधी काही किलोमीटरवर थांबलं, त्याचा सन्मान केला. त्यांनी हवाई दल अकादमीत उड्डाण-प्रशिक्षक म्हणून काम केलं, सिंगापूरला प्रतिनियुक्तीवर गेले, खडकवासल्याच्या एनडीएमध्ये बटालियन कमांडर होते. ज्या संस्थेत तुला जायचंय तिथल्या कॅडेटांची जबाबदारी हवाई दलानं त्यांच्याकडे सोपवली. संशय असलेल्या माणसाकडे कुणी सतरा-अठरा वर्षांची मुलं सोपवत नाही. ग्रुप कॅप्टन म्हणून ते निवृत्त झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी गेले.

विमान मिळतं की नाही, हे मात्र पाठीचा कणा ठरवतो. इजेक्शन सीट रॉकेटच्या जोरानं माणसाला वर फेकते. त्या क्षणी कण्यावर शरीराच्या वजनाच्या पंधरा-वीस पट भार येऊ शकतो, आणि छातीचा कणा जिथं कमरेला मिळतो तिथला मणका चेपण्याची भीती सर्वाधिक. मणका नीट भरून आला तर वैमानिक काही महिन्यांत लढाऊ विमानात परततो. नाही आला तर दुसऱ्या इजेक्शनचा धोका पत्करता येत नाही आणि त्याला वेगळ्या प्रकारच्या विमानांकडे वळवतात. हा निर्णय बेंगळुरूच्या हवाई वैद्यक संस्थेतल्या तपासण्या आणि वैद्यकीय मंडळ घेतं. त्याचा कैदेशी संबंध नाही. सरावात इजेक्ट झालेल्यालाही हेच लागू होतं.

उदाहरणं पाहा. फील्ड मार्शल करिअप्पांचे पुत्र नंदा करिअप्पा १९६५ च्या युद्धाच्या अगदी शेवटी, २२ सप्टेंबरला हंटरमधून पडले आणि कैद झाले. वडिलांनी मुलासाठी वेगळी वागणूक घ्यायला नकार दिला. पाठीच्या दुखापतीनं ते पुढे हेलिकॉप्टरकडे वळले, आणि एअर मार्शल होऊन निवृत्त झाले. भार्गव एअर कमोडोर झाले. कारगिलच्या वेळी, २७ मे १९९९ ला, नचिकेतांच्या मिग-२७ चं इंजिन रॉकेट डागल्यानंतर बंद पडलं. आठवडाभरानं सुटून आल्यावर त्यांच्या पाठीनं लढाऊ विमानाला नकार दिला, तेव्हा ते वाहतूक विभागात गेले आणि हवेत इंधन भरणारं इल्युशिन-७८ उडवू लागले. अभिनंदन वर्धमान १ मार्च २०१९ ला परतले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात हवाई दलप्रमुख धनोआंबरोबर पठाणकोटहून मिग-२१ मध्ये पुन्हा उडाले. पुढे ग्रुप कॅप्टन झाले. २०१९ मध्ये युद्ध जाहीर झालेलं नव्हतं, तरी जिनिव्हा करार लागू होता, कारण सशस्त्र संघर्षाला तो लागू होतो, युद्धाची घोषणा असो वा नसो.

या सगळ्यांना एक गोष्ट लाभली होती: ते कैदेत आहेत हे जगाला माहीत होतं. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांना ती लाभली नाही. त्यांचं सुखोई-७ ५ डिसेंबर १९७१ ला शोरकोटवर पडलं. पकडलेल्या भारतीय वैमानिकांची जी नावं पाकिस्तानी वृत्तपत्रात आली, त्यांत त्यांच्या नावाशी जुळणारं नाव होतं. परत आलेल्या बारा जणांत ते नव्हते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, आयुष्यभर त्यांचा शोध घेत राहिल्या. २००७ मध्ये नातेवाइकांचं एक पथक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आलं, हाती काही लागलं नाही. १९७१ च्या अशा बेपत्तांची सरकारी यादी ५४ जणांची आहे. माझ्या मते कैदेबद्दल बोलताना कारकिर्दीची काळजी दुसरी येते. पहिली काळजी नोंदीची.

म्हणून आईला सांगताना हेही सांग, की प्रत्येक वैमानिकाला याची तयारी करून दिली जाते. पकडलं गेल्यावर कलम १७ नुसार नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सेवा क्रमांक एवढंच सांगायचं, आणि ते स्पष्ट, मोठ्यानं, जितक्या जास्त माणसांसमोर सांगता येईल तितक्यांसमोर सांगायचं. ओळखपत्र अंगावर ठेवायचं. ते दाखवायचं, पण शत्रूला ते काढून घेण्याचा अधिकार नाही. आणि कलम ७० नुसार शिबिरात पोचल्यापासून आठवड्याच्या आत घरी आणि रेडक्रॉसच्या केंद्रीय कचेरीला एक छापील कार्ड लिहिण्याचा हक्क मागायचा. त्यात आपण कैद झालो आहोत, पत्ता काय, तब्येत कशी आहे, एवढंच असतं. ते कार्ड मिळेपर्यंत रोज मागायचं.